जीवघेणी ॲलर्जी: आपल्या घरात कुणाला जास्त धोका आहे हे कसं तपासायचं आणि तयारी काय ठेवायची

ॲलर्जी म्हटलं की आपल्याकडे सगळी चौकशी एकाच प्रश्नावर येऊन थांबते, कशाची आहे? शेंगदाण्याची, कोळंबीची, पेनिसिलीनची. ते माहीत असायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. दोघांनाही कोळंबीचीच ॲलर्जी असते, एकाच्या ओठांना खाज सुटते, चार गांध्या उठतात आणि तासाभरात उतरतात, दुसऱ्याचा घसा आवळतो, बीपी पडतं आणि तो जेवणाच्या ताटावरच कोसळतो. हा फरक बऱ्याचदा त्या माणसाच्या बाकीच्या तब्येतीने पडतो. दमा आहे का, हृदयाचं काही आहे का, बीपीची कुठली गोळी चालू आहे, वय काय, त्या दिवशी अंगात ताप होता का, पेनकिलर घेतली होती का. या जोरात येणाऱ्या रिॲक्शनला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि ती कुणाला जास्त महागात पडते याची बरीचशी कारणं आधीच ओळखता येतात, काही तर चक्क कमी करता येतात, तरी त्यावर घरात कुणी बोलतच नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

घरात कुणाला आधी कधी रिॲक्शन आली असेल तर एक वही, औषधांचा डबा आणि जुने रिपोर्ट घेऊन बसा आणि एकेक मुद्दा बघत जा. शेवटी पानभर माहिती हातात येईल, ती घेऊन डॉक्टरांकडे जायचं. हे वाचून स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

१. जुन्या रिॲक्शनची नीट नोंद

अंगावर गांध्या आल्या की आपण "पित्त उठलं" म्हणतो, आमसुलाचं पाणी चोळतो, एक सिट्रिझिन देतो आणि विषय संपतो. नुसत्या गांध्या असतील तर बऱ्याचदा खरंच संपतो. पण त्यासोबत उलट्या झाल्या होत्या का, आवाज घोगरा झाला होता का, खोकल्याची ढास लागली होती का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, हे कुणी विचारत नाही आणि तिथेच पहिली ॲनाफिलॅक्सिस पित्ताच्या नावावर खपून जाते. त्वचा आणि सोबत श्वास किंवा रक्तदाब, किंवा न थांबणाऱ्या उलट्या आणि पोटात जोराची कळ, असं दोन ठिकाणी एकदम झालं तर ते पित्त नाही. आणि साधारण १० ते २० टक्के वेळा अंगावर काहीच उठत नाही, म्हणून "पुरळ नाही म्हणजे ॲलर्जी नाही" हेही डोक्यातून काढून टाका.

वहीत लिहायचं ते असं: काय खाल्लं किंवा कुठलं औषध घेतलं, किती, किती मिनिटांनी सुरू झालं, काय काय झालं, कशाने थांबलं, आणि त्या दिवशी आणखी काय चालू होतं. हे शेवटचं नेहमी राहून जातं. धावपळ झाली होती का, पाळी चालू होती का, दारू घेतली होती का, सर्दीतापासाठी काही गोळी घेतली होती का, सगळं आठवून लिहा, कारण पुढे त्याचाच उपयोग आहे.

दोन गैरसमज इथेच मिटवून टाकू. मागच्या वेळी हलक्यात निभावलं म्हणजे पुढच्या वेळीही तसंच होईल याची काही खात्री नाही. दुसरं, स्किन टेस्टला मोठी गांधी आली किंवा रक्तातला आयजीईचा (ॲलर्जीत रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडाचा) आकडा मोठा आला म्हणजे रिॲक्शनही मोठीच येणार, असं नसतं. तो आकडा ॲलर्जी असण्याची शक्यता सांगतो, तिचा जोर सांगत नाही. म्हणून शे-दीडशे पदार्थांचं महागडं पॅनल उगाच करून घेऊ नका, त्यात काहीतरी पॉझिटिव्ह येतंच आणि मग वाढत्या वयाच्या पोराचं दूध, अंडी, गहू विनाकारण बंद होतं. आधी काय घडलं ते, मग त्यानुसार टेस्ट.

२. दमा आटोक्यात आहे का

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खाण्याच्या ॲलर्जीने जे मृत्यू होतात त्यात दमा असलेली माणसं फार मोठ्या प्रमाणात असतात, आणि त्यातही आटोक्यात नसलेला दमा. कारण सरळ आहे, श्वासनलिका आधीच सुजलेल्या आणि चिडलेल्या असतात, त्यात ॲलर्जीने आणखी आकुंचन आलं की हवा आत-बाहेर जायला जागाच उरत नाही.

मागच्या ४ आठवड्यांचा विचार करून चार प्रश्न विचारा. दिवसा धाप किंवा घरघर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा होते का? रात्री खोकल्याने किंवा दम्याने जाग येते का? तात्पुरता आराम देणारा पंप (बहुतेकांकडे तो निळा असतो) आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागतो का? दम्यामुळे खेळणं, जिना चढणं टाळलं जातं का? एकाला जरी हो आलं तरी दमा पूर्ण आटोक्यात नाही, तीन-चार हो आले तर अजिबातच नाही.

आपल्याकडची खरी अडचण अशी की पंपाची सवय लागते म्हणून लोक घाबरतात. सूज कमी करणारा रोजचा पंप पोराला जरा बरं वाटलं की बंद होतो आणि मग दम लागला की निळा मारायचा, एवढंच उरतं. निळ्या पंपाने नळ्या काही तास मोकळ्या होतात, सूज तशीच राहते. सूज कमी ठेवतं ते रोजचं औषध, आणि पंपाची सवय वगैरे काही लागत नाही. पंप घेताना एकदा शेजारी उभं राहून बघा. बरीच मुलं पंप न हलवता तोंडात धरतात, दाबल्यावर श्वास ओढतात, तोवर अर्धं औषध जिभेवर बसलेलं असतं. आधी हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, ओढायला सुरुवात करतानाच दाबायचा, सावकाश खोल ओढून दहा सेकंद धरून ठेवायचा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला तर हे सगळं सोपं होतं, मोठ्या माणसांनाही, त्यात लाज कसली. स्टेरॉइडवाला पंप असेल तर नंतर चूळ भरायची.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दमेकऱ्याला खाण्याची ॲलर्जी झाली की ती बऱ्याचदा हुबेहूब दम्याच्या झटक्यासारखी दिसते. घरचे पंपावर पंप देतात, नेब्युलायझर शोधतात आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. त्यामुळे ॲलर्जीचा पदार्थ पोटात गेलाय किंवा गेल्याचा दाट संशय आहे, आणि अचानक घरघर सुरू झाली, तर अंगावर गांधी नसली तरी ती ॲनाफिलॅक्सिसच धरायची. आधी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन (ॲनाफिलॅक्सिसमध्ये जीव वाचवणारं मुख्य औषध, ते कसं मिळवायचं आणि द्यायचं ते पुढे येईल), मग पंप.

३. औषधांचा डबा उघडा

घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या टेबलावर काढा. ब्रँडचं नाव मोठं असतं, त्याखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचायचं. मेडिकलवाला पट्टी कात्रीने कापून देतो तेव्हा नेमकं नाव आणि एक्स्पायरी कापली जाते, म्हणून इथून पुढे बिल जपून ठेवा किंवा अख्खी पट्टी मागा.

एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, बिसोप्रोलॉल, म्हणजे शेवटी "ओलॉल" येणाऱ्या बहुतेक गोळ्या बीटा ब्लॉकर असतात. त्या बीपी आणि हृदयासाठी असतातच, पण मायग्रेन, हात थरथरणे, थायरॉइडची धडधड यासाठीही देतात, त्यामुळे तिशीतल्या बाईच्या पर्समध्येही सापडतात. काचबिंदूचे टिमोलॉलचे डोळ्यांत घालायचे थेंबही त्यातलेच, आणि थेंब म्हणजे औषध हे कुणी डॉक्टरला सांगतच नाही. ॲड्रेनालिन शरीरात ज्या ठिकाणी जाऊन काम करतं त्यातली काही ठिकाणं ही औषधं अडवून ठेवतात, म्हणून रिॲक्शन जोरात येऊ शकते आणि इंजेक्शनचा गुण कमी येऊ शकतो. अशा वेळी हॉस्पिटलमध्ये ग्लुकागॉन नावाचं दुसरं औषध शिरेतून देतात, पण ते सुचायला तिथल्या डॉक्टरला गोळी माहीत हवी, म्हणून वहीत ठळक लिहा.

दुसरा गट "प्रिल"वाला: रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल. बीपी घसरलं की शरीर ते सावरायला ज्या यंत्रणा वापरतं त्यातली एक या गोळ्यांनी मंद होते. यात दोष गोळीचा किती आणि ज्यासाठी ती घेतोय त्या आजाराचा किती यावर तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत. आणि हार्टच्या पेशंटने बीटा ब्लॉकर एकदम बंद केला तर त्यानेच झटका येऊ शकतो. म्हणून करायचं एवढंच, की ज्यांना जोरात रिॲक्शन येऊन गेलीय आणि या गोळ्या चालू आहेत त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, "मला ही ॲलर्जी आहे, दुसरी गोळी चालेल का?" चालत असेल तर ते बदलतील, नसेल तर आहे तीच घ्यायची आणि इंजेक्शन जवळ ठेवायचं.

तिसरा गट पेनकिलर, म्हणजे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक. यांची स्वतःची ॲलर्जी असतेच, आणि नसली तरी दुसऱ्या ॲलर्जीला त्या जोर देतात, ते पुढे येईल. इथे मनापासून एक विनंती, अंग दुखतंय म्हणून "डॉक्टर, एक इंजेक्शनच द्या" असा हट्ट धरू नका. जिथे गोळीने काम होतं तिथे गोळीच बरी, सुईने औषध झटकन रक्तात जातं आणि रिॲक्शन आली तर तीही तितकीच झटकन येते. इंजेक्शन घ्यावंच लागलं तर अर्धा तास दवाखान्यातच बसून राहा.

४. हृदय आणि वय

हृदयातही ॲलर्जीच्या पेशी (मास्ट सेल) असतात, रक्तवाहिन्यांभोवती. त्यातून बाहेर पडणाऱ्या रसायनांनी हृदयाच्या धमन्या आकसतात आणि ॲलर्जीतच हार्ट अटॅक येतो, त्याला कौनिस सिंड्रोम म्हणतात. म्हणून आधीच ब्लॉकेज असलेल्यांना धोका जास्त, आणि औषधांच्या आणि गांधीलमाशीच्या ॲलर्जीने दगावणाऱ्यांत मोठ्या वयाची माणसं जास्त दिसतात. याच माणसांना ॲड्रेनालिन द्यायला घरचे आणि कधीकधी डॉक्टरही कचरतात, "हार्टचा पेशंट आहे, धडधड वाढेल" म्हणून. खरी ॲनाफिलॅक्सिस असेल तर मांडीत द्यायच्या ॲड्रेनालिनला कुठलाही आजार पूर्ण आडवा येत नाही. न देण्याचा धोका देण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे. गरोदर बाईलाही हेच लागू, तिला फक्त डाव्या कुशीवर झोपवायचं.

दुसऱ्या टोकाला १३ ते २५ वयाची मुलं. खाण्याच्या ॲलर्जीने जाणाऱ्यांत हीच जास्त असतात. आई डब्याकडे बघत नाही, मित्रांसमोर "यात काजू आहे का?" विचारायला अवघड वाटतं, इंजेक्शनचा पाऊच हॉस्टेलवर राहतो, आणि याच वयात रोजचा पंपही सुटतो. ओरडून उपयोग होत नाही. त्याच्या एका जवळच्या मित्राला घरी बोलावून, चहा पाजून, इंजेक्शन कसं द्यायचं ते दोघांना एकत्र शिकवा.

५. मास्ट सेलचा आजार

फार कमी लोकांना असतो पण ज्यांना असतो त्यांना गांधीलमाशी जीवावर उठते. दंशानंतर अंगावर काहीच न उठता सरळ चक्कर येऊन पडणं, किंवा अंगावर तपकिरी डाग असणं आणि ते चोळले की फुगणं, यातलं काही असेल तर सिरम ट्रिप्टेज (मास्ट सेलमधून रक्तात येणारा पदार्थ) ही रक्ताची तपासणी करून घ्या, तब्येत ठीक असताना. साधारण ११.४ पेक्षा जास्त आलं तर ॲलर्जीच्या किंवा रक्ताच्या तज्ज्ञांनी पुढे बघायला हवं, २० च्या वर तर नक्कीच. आग्यामोहोळं असलेल्या गडांवर ट्रेकला जाणाऱ्यांनी, आधी कधी दंशाने पूर्ण शरीरभर रिॲक्शन आली असेल तर, हे तपासल्याशिवाय जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

६. त्या दिवशी काय चालू होतं

एरवी चालणारा पदार्थ एखाद्याच दिवशी का बाधतो, त्याचं उत्तर इथे आहे. व्यायाम, पेनकिलर, दारू, ताप किंवा इन्फेक्शन, पाळीचे दिवस, जागरण. यातलं एखादं जोडीला आलं की कमी पदार्थातही रिॲक्शन येते आणि जोरात येते.

याचं सगळ्यात फसवं उदाहरण गव्हाचं. काहींना गव्हातल्या ओमेगा ५ ग्लायडिन या प्रथिनाची ॲलर्जी असते. माणूस वर्षानुवर्षं रोज चपाती खातो, काही होत नाही. मग एका संध्याकाळी चपाती-भाजी खाऊन लगेच बॅडमिंटनला जातो आणि कोर्टवर गांध्या उठून कोसळतो. सगळे म्हणतात ऊन लागलं, कुणी म्हणतं ॲसिडिटी. चपातीवर कुणाचा संशयच जात नाही. ॲस्पिरिन किंवा दारूनेही असंच होतं, त्यांनी आतड्यातून हे प्रथिन जास्त शोषलं जातं. कोळंबी, खेकड्याबाबतही व्यायामाची अशीच जोडी दिसते. पहिल्या मुद्द्यात नोंद केलीय ती आता परत वाचा. दोन रिॲक्शनमध्ये पदार्थ वेगळा आणि धावपळ किंवा गोळी सारखी असं दिसलं तर तज्ज्ञांना नेमकं तेच सांगा. निदान होईपर्यंत संशयित पदार्थ खाल्ल्यावर किमान ४ तास व्यायाम नाही, आणि त्या पदार्थासोबत पेनकिलर किंवा दारू नाही.

ज्याला ॲलर्जी पक्की माहीत आहे त्याने ताप असताना, जागरण झालेलं असताना बाहेरचं खाणं टाळावं. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत कुठेही असतो आणि उपवासाच्या दिवशी तर सगळीकडेच. पाकिटबंद पदार्थावर एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे शेंगदाणा, काजू-बदाम, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा, सोया, ग्लुटेनवाली धान्यं यांची सूचना छापावी लागते, पण तीळ त्या यादीत नाही, त्यामुळे तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी सगळे घटक वाचायचे. हलवायाच्या काउंटरवरच्या मिठाईला लेबलच नसतं, तिथे काजूऐवजी शेंगदाणा आहे का हे विचारूनही भरवसा नाही, नाही घेतलेली बरी.

७. इंजेक्शन मिळवा आणि सराव करा

भारतात तयार पेन (ठरलेला डोस आधीच भरलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन) सहज मिळत नाही, त्यामुळे डॉक्टर बहुतेक वेळा ॲम्प्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंज लिहून देतात. १ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन असतं. डोस वजनावर, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली, ३० किलोला ०.३, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५ मिली. तुमच्या माणसाचा डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि सिरिंजवर त्या रेघेला पक्क्या मार्करने खूण करून ठेवा, घाईत आकडे दिसत नाहीत. सिरिंज १ मिलीची, सुई साधारण १ इंची. इन्सुलिनची सिरिंज वापरायची नाही, तिच्या खुणा वेगळ्या आणि सुई इतकी आखूड की औषध स्नायूपर्यंत पोचतच नाही.

जागा मांडीची बाहेरची बाजू, मधोमध, सुई काटकोनात. पातळ पँटवरून दिलं तरी चालतं. दवाखान्यातल्या सिस्टरकडून ॲम्प्यूल फोडायला आणि औषध ओढायला शिका आणि घरी सलाइनच्या ॲम्प्यूलवर सराव करा, टोचायचं संत्र्यात. औषध फ्रीजमध्ये नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच, उजेडापासून लांब आणि सहसा २५ अंशांच्या आत. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात इन्सुलेटेड पाऊच घ्यावाच लागेल. रंग गुलाबी-तपकिरी दिसला की टाकून द्या. नेहमी दोन डोस जवळ हवेत.

८. प्रत्यक्ष वेळ आली तर

ब्रिटनमध्ये १९९२ नंतरच्या मृत्यूंचा अभ्यास झाला होता, त्यात हृदय किंवा श्वास बंद पडायला अन्नाच्या ॲलर्जीत साधारण ३० मिनिटं, दंशात १५ आणि हॉस्पिटलमध्ये दिलेल्या औषधांत ५ मिनिटं लागलेली दिसली. म्हणून अविल, सिट्रिझिन, स्टेरॉइड यांची वाट बघत बसायचं नाही, त्यांनी खाज जाते, जीव वाचतो ॲड्रेनालिनने.

इंजेक्शन द्या, वेळ बघून ठेवा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. माणसाला आडवं करून पाय वर ठेवा. दम लागत असेल तर पाय पसरून टेकून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर. उठवून चालवत गाडीपर्यंत नेऊ नका, बाथरूमलाही नाही, एकदम उभं केलं आणि हृदय थांबलं असे मृत्यू नोंदलेले आहेत. गाडीतही आडवंच न्यायचं. ५ ते १५ मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस, दुसऱ्या मांडीत. श्वास थांबला तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय आणि श्वास चालू ठेवायचा प्रयत्न.

९. हॉस्पिटलमध्ये आणि नंतर

बरं वाटलं तरी लगेच घरी निघायचं नाही, काहींना पुन्हा काही न खाता काही तासांनी दुसरी लाट येते. दमा आहे, दोन डोस लागले, घर लांब आहे, यातलं काही असेल तर रात्रभर ठेवून घ्या म्हणावं. ट्रिप्टेजचं रक्त सुरुवातीपासून १ ते २ तासांत घेतलेलं उत्तम, फार तर ४ ते ६ तासांपर्यंत, आणि दुसरा नमुना २४ तास उलटल्यावर, म्हणजे दोन्हींची तुलना होते. हे तुम्हालाच सुचवावं लागेल कदाचित. स्किन टेस्ट लगेच करत नाहीत, काही आठवडे थांबतात, आणि त्याआधी ५ ते ७ दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, ते विचारून घ्या.

मग वहीतलं सगळं एका कार्डावर उतरवा: नाव, वजन, कशाची ॲलर्जी, दमा आणि हृदयाचं काय, चालू गोळ्या मूळ नावाने, ॲड्रेनालिनचा डोस, दोन फोन नंबर. एक प्रत पाऊचमध्ये, एक शाळेच्या बाईंकडे किंवा ऑफिसमधल्या शेजाऱ्याकडे, फोटो घरच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. मुलाचं वजन वाढतं तसा डोस बदलतो, गोळ्याही बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी कार्ड नवं लिहायचं आणि त्याच दिवशी ॲम्प्यूलची एक्स्पायरी बघायची.